मागची सीट

नव्वदच्या आसपास माझ्या थोरल्या भावाला घाट चढायच्या शर्यतींचं खूळ लागलं. शर्यतीची वेगळी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून घरची धडधाकट अँबेसिडरच त्यानं सोलायला घेतली. मागची सीट काढली, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कडक करून घेतले. वजन उतरलं की गाडी पळते, म्हणायचा. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. सीट ओसरीवर पडली आणि आमचे वडील, आबा, जेवल्यावर तिच्यावर आडवे व्हायला लागले.

एका दुपारी तिथंच त्यांच्या छातीत कळ आली. सीट बसवायला वेळ कुठला. आमची केळी ट्रकमध्ये भरताना घडांखाली घालतो तो वाळला पाला आम्ही गाडीत पत्र्यावर अंथरला आणि त्यांना निजवलं. असोद्याहून जळगाव ते केवढं, पण हलकी गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळायची आणि आबा विव्हळायचे. केळीच्या ट्रकवाल्यांना जन्मभर बजावलं, तेच ते भावाला म्हणाले, "हयू चालव रे, माल दबीन."

भावानं वेग कमी केला. घाटासाठी घडवलेली गाडी बैलगाडीच्या चालीनं जळगावात शिरली. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.