कोरड्या तुसाचा साक्षीदार

पिल्लूमामा पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघायचा. एका दिवसाचं, मुठीत मावणारं पिल्लू हळूच उचलायचं, काड्यांसारखे पाय दाढीच्या खुंटांवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. "गार लागतायत अक्का. बल्ब खाली घ्या जरा." शेडमध्ये थर्मामीटर टांगलेलं होतं, त्याच्याकडे तो बघायचाही नाही. म्हणायचा, "ते भिंतीची तब्येत सांगतं. मला पिल्लाची पायजे."

तो आमचा सख्खा मामा नव्हता. ज्या कंपनीची पिल्लं आम्ही वाढवायचो, तिचा सुपरवायझर. मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर आईनं शेड उभं केलं, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणं थांबवलं, तेव्हापासून तो यायचा. दारात गाडी लावून "जयभीम अक्का" म्हणायचा. आई त्याला भाऊ म्हणायची, म्हणून तो आमचा मामा; मग सगळ्या वस्तीचाच पिल्लूमामा. पप्पा म्हणायचे, "आपला माणूस हाय." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

पप्पा चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पहिल्या बॅचला तुसावर अंथरायला कागद कमी पडला, तेव्हा मामानं नेमका त्यातलाच एक गठ्ठा उचलला. पप्पा भडकले. मामा कागद बोटांत चोळत म्हणाला, "दादा, गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय घसरून फाकतात, मग ते जन्माचं लंगडं. तुमचा कागद खरखरीत हाय, पिल्लू नीट उभं ऱ्हातं. चळवळीला आनखी काय पायजे?" पप्पांना हसावंच लागलं. ते चपलेसकट आत आले की मामा ओरडायचा, "क्रांती आत आणा, चप्पल बाहेर!"

पण त्याचा खरा जीव तुसात. बल्बच्या उबेत पिल्लं ठेवतात तिथं खाली भाताच्या तुसाचा थर लागतो. मामा गुडघ्यावर बसून मूठभर तूस आवळायचा आणि मूठ उघडायचा. गोळा राहिला तर ओल, सुटून पडलं तर कोरडं. "ओल्या तुसाला बुरशी धरती, ती पिल्लाच्या छातीत जाती. आपलं पोर ओल्यात झोपवाल का?" आई पाण्याच्या भांड्यांभोवतीचं तूस दिवसातून चारदा उकरायची, भिजलेलं काढून टाकायची. दुसऱ्या शेडवाल्यांना तो आमच्याकडे धाडायचा, "अक्काचं तूस बघून या, मग माझ्याशी बोला."

गेल्या थंडीत टेम्पोतून जी पिल्लं उतरली, ती उतरतानाच मलूल होती. मामानं एकेक उलटं करून पाहिलं. पोटं फुगलेली, बेंबी उघडी, काळी, वास मारणारी. तो खाली बसला. "अक्का, ही अंड्यातनंच आजार घेऊन आल्यात. अंडी उबवत्यात त्या हॅचरीची घाण हाय ही. तुमचा काय दोष न्हाई, मी तसंच लिहितो." आई त्या शब्दावर विसंबून राहिली. दोन दिवस ती आणि मी मेलेली पिल्लं बादलीनं बाहेर काढत होतो. दोष शेडचा ठरला तर पुढची बॅच मिळणार नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. पण मामा लिहिणार होता.

तिसऱ्या दिवशी तो कंपनीच्या साहेबाला घेऊन आला. हॅचरी कंपनीचीच. साहेब तोंडाला रुमाल लावून म्हणाला, "लिटर कसं आहे?" तुसाच्या थराला कंपनीत लिटर म्हणतात. मामा गुडघ्यावर बसला, तूस आवळलं, मूठ उघडली. तूस बोटांमधून भुरभुर खाली पडलं. माझ्या डोळ्यांदेखत.

"ओलसर आहे साहेब," मामा म्हणाला.

आई पुढं झाली. "भाऊ, मूठ परत उघडा."

त्यानं हात पँटीला पुसला. मी ओरडले, "खोटं आहे हे! यांनीच सांगितलं की बेंब्या सडलेल्या आल्यात!" साहेबानं विचारलं, "काय हो, असं बोललात तुम्ही?" मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरगी लहान आहे, तिला काय कळतंय."

साहेबानं लिहिलं, 'ओल्या लिटरमुळे मर'. आईनं सही केली नाही. तरी कागद गेलाच, आणि पुढची बॅच आली नाही. आई पुन्हा खुरपायला जाऊ लागली.

कंपन्या खोटं बोलतात, हे मला पत्रकांनी शिकवलं होतं. आपला माणूस खोटं बोलला तर काय करायचं, ते एकाही पत्रकात नव्हतं. साहेबाचा मला फारसा राग येत नाही. तो कुठं आमच्या ताटात जेवला होता? पिल्लांबद्दल मला जे कळतं, ते सगळं मामानं शिकवलेलं आहे. राग त्याचाच आहे.

महिन्याभरानं तो आला. दिवस मावळायला आला होता, आई नुकतीच रानातून परतली होती. तो गाडीवरून उतरला, पण फाटकातच थांबला. आईनं तांब्या भरून फाटकापर्यंत नेला, फाटक उघडलं नाही.

"घ्या सायेब, पानी."

"सायेब नका म्हनू अक्का." त्यानं तांब्या हातात घेतला. "काय करणार हुतो मी? त्यांच्या विरोधात लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. पोरं बारकी हायत माझी."

"माझी बी बारकीच हुती," आई म्हणाली. "दोन दिसांची."

तो पाणी प्यायला. आईनं तांब्या घेतला आणि मागं न बघता घरात आली.