दहा तासांचा पंखा आणि चारठाण्याची देवळं

मामांनी जुनी व्हॅन घेऊन तिच्यात दोन बाजा टाकल्या, तेव्हाच मामी म्हणाल्या, "आवं, आता अजिंठा दावा. किती वर्सं झालं म्हणायलेय मी."

मामा वालूरच्या शाळेत मास्तर. ते म्हणाले, "आधी चारठाणा. गाडी नीट परतली, तरच अजिंठा."

मामांनी गाडीच्या बॅटरीचा हिशोब माझ्याकडे सोपवला, म्हणजे मामींचा अजिंठाच माझ्या हाती आला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण शुद्धलेखन पक्कं. बॅटरीवर ऐंशी अँपिअर-तास लिहिलं होतं. गाडीतले दोन पंखे नि रेडिओ मिळून आठ अँपिअर ओढत. म्हणजे दहा तास! वहीत उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

सकाळी निघालो. मध्येच डांबर संपतं, तेव्हा पाण्याची घागर मांडीवर धरून बसा. चारठाण्याची देवळं बघायला अर्धा दिवस हवा. कोरीव खांबांपाशी मामी फार रेंगाळल्या. फाट्यावरच्या हॉटेलातली भजी गरम असतानाच खावीत. जेवून लिंबाखाली गाडी लावली आणि पंखे सुरू केले. मामांना झोप लागली. मी दर तासाला वहीत खूण करत होतो. सहा खुणा झाल्या, चार तास शिल्लक.

मामांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली.

"अजून चार तास आहेत," मी वही दाखवली.

हॉटेलातली चार माणसं आली. वही बघून एकजण मला म्हणाला, "तुमी हिशोब करा मास्तर, आमी ढकलतो!" धक्क्यावर गाडी सुरू झाली.

जिंतूरच्या बॅटरीवाल्या चाचांनी वही वाचली आणि पोट धरून हसले. "ऐंशीचा आकडा वीस तासांच्या हिशोबानं हाय भाऊ. चार-चार अँपिअर सावकाश काढलं तर ऐंशी. दुप्पट घाईनं काढलं की कमीच मिळतं. त्यात ही जुनी. आन् ही गाडी चालू करायची बॅटरी, म्हंजे पैलवान. एक डाव जोरात टाकील. दिवसभर ओझं वाहायला हमाल लागतो, त्याची बॅटरी येगळी. हिची अर्धी तर कधी संपवूच नका."

'अँपिअर' मी अनुस्वारासकट बरोबर लिहिला होता. चुकला तो फक्त अर्थ.

वालूरला उतरल्यावर मामींनी बाजेवरच्या चादरीची घडी घातली. माझ्याकडे पाहिलंही नाही. ते फार लागलं.

मामांनी विचारलं, "अजिंठ्याला पंखा किती तास चालेल?"

मी पेन्सिल काढली आणि परत खिशात ठेवली. "दोन तास, मामा. खरं तर एकच पंखा, दीड तास. तेही खात्रीनं सांगता येत न्हाई."

"आज पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलंस," मामा म्हणाले आणि आत वळून ओरडले, "अगं, पुढच्या रविवारी निघायचंय!"