घट्ट्याखालचा पू

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि कंपाउंडरनं न सांगता खिडकी उघडली. माझ्या डाव्या तर्जनीचं टोक काळंजांभळं फुगलं होतं. एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "ऑस्टिओमायलायटिस." म्हणजे हाडात पू. "पुढचं पेर काढावं लागेल. थांबलात तर सगळं बोट जाईल."

मी सतार वाजवत होतो. तार दाबायचं बोट तेच.

शेवगावजवळच्या आमच्या शेतकरी घरात बी.ए. झालेला मी पहिला. नगरला कॉलेजात असताना सतार शिकलो. पुढे शाळेत मास्तर झालो, गावोगावी बैठकाही मिळू लागल्या.

सतारवाल्याच्या बोटावर तारेनं घट्टा पडतो. आम्ही तो एकमेकांना कौतुकानं दाखवतो. एका दुष्काळी वर्षी घट्ट्याखाली ठणका लागला, तेव्हा मला वाटलं, रियाज कमी पडतोय. पुण्याला रेडिओवर वाजवण्यासाठीची चाचणी तोंडावर आली होती. मी दोन तास वाढवले. कडेनं थोडं पाणी सुटायचं, तार चिकट व्हायची. रुमालानं पुसायचो. रुमाल वाळून पापडासारखा कडक व्हायचा. मी पट्टी बांधून वर अत्तर लावलं.

आई म्हणाली, "आरं, मेल्या वासरावानी घान येतीया, आन् तू वाजवीत बसलाय! लाज हाय का न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, "कातडी नरम असती तर पू कधीच बाहेर आला असता. घट्ट्यानं तो आत कोंडला, मग हाडात शिरला." जे मिरवलं, त्याचीच शिसारी आली.

पेर काढलं. जखमेत भरलेली पट्टी नर्सबाई रोज चिमट्यानं ओढून काढत. मी भिंतीकडे तोंड करायचो. आठव्या दिवशी त्यांनी गरम पाण्याचं भांडं माझ्यापुढे ठेवलं.

"आता तुमचं तुमी. मी काय शेवगावला येनार व्हय?"

मी पाहिलं आणि त्या भांड्यातच ओकलो. त्या हसल्या, दुसरं भांडं आणलं. "झालं? धुवा आता, मास्तर."

मी धुतलं. त्या बाईंचे उपकार विसरणार नाही.

चाचणी हुकली. उरलेल्या बोटांनी वाजवतो, पण तानेत अडखळतो. बैठकीला कोणी बोलवत नाही. घरी शिकवतो. शिकायला आलेल्यांची बोटं आधी दाबून, हुंगून बघतो. ते नाक मुरडतात. मुरडू देत. दुखतं म्हणाला, त्याची सतार त्या दिवशी खोळीतच राहते.

तुमचं बोट ठणकत असेल तर किळस गिळा, पट्टी सोडा आणि दवाखाना गाठा.