गाऱ्हाणे सर

पहिल्याच सामन्यात मी आमच्यावर झालेल्या गोलला टाळ्या वाजवल्या. नुसत्या वाजवल्या नाहीत, उभा राहून, रुमाल हलवून वाजवल्या. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कॉलेजच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर नेमल्यावर दुसरं काय होणार? मध्यंतरानंतर दोन्ही टीम बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या अर्ध्यात ज्या जाळीकडे आशेने बघत होतो, तिच्याचकडे मी नंतरही निष्ठेने बघत बसलो आणि चेंडू जाळीत जाताच उठलो. राखीव पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की मी रुमाल हळूच कपाळावर फिरवला, जणू घामच पुसायचा होता. शेजारी उभ्या असलेल्या कोचने मात्र मानही वळवली नाही.

"टाळये बरे मारल्यात, पात्रांव," ते म्हणाले. "फक्त गोल आमकां पडलो."

पात्रांव म्हणजे मालक. त्या दिवसापासून ते मला त्याच नावाने हाक मारू लागले, आणि तीही इतक्या गंभीर चेहऱ्याने की ही थट्टा आहे हे कळायला मला अख्खा हंगाम लागला.

पेडण्याच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे गाऱ्हाणे सर म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त पगाराच्या वेळी उपयोगी पडायचं. बुटका बांधा, डोक्यावर रंग उडालेली टोपी, आणि फुटबॉलच्या कोचला शोभणार नाही असं ऐसपैस पोट. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजलेली मी क्वचितच ऐकली. सरांचा आवाजच असा की मैदानापलीकडच्या रस्त्यावरचे स्कूटरवालेसुद्धा ब्रेक दाबायचे.

त्यांची शिक्षा करायची पद्धत मी दुसऱ्या कुठल्या कोचकडे पाहिली नाही. सरावात कुणी शिवी दिली, कुणी मुद्दाम पाय घातला, की सर त्या पोराला काही बोलत नसत. टोपी काढून माझ्या हातात देत आणि स्वतः मैदानाला फेरी मारायला निघत. पोट पुढे, सर मागे. अर्ध्या वाटेवर त्यांना धाप लागायची. मग तो गुन्हेगार पोरगा "सर, नको हो, मी मारतंय, तुमी बसा" म्हणत मागे धावायचा, त्याच्या मागे कप्तान, कप्तानामागे सगळी टीम. सर थांबायचे नाहीत. "तू खेळ. चुकलंय मी, शिकवूक," एवढंच धापांतून बोलायचे. आमची पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत दमायची नाहीत, याचं कौतुक सगळीकडे व्हायचं. त्याचं मूळ त्यांच्या तोंडातल्या शिव्यांत होतं, हे मी पाहुण्यांना कसं सांगणार?

मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून सरावात नवी अडचण आली. विमान डोक्यावरून गेलं की पोरांच्या माना वर. एकदा कप्तान मनोज असाच आकाशाकडे बघत राहिला आणि चेंडू त्याच्या पायांतून निघून गेला. सर म्हणाले, "मनोजा, तां खंय उतरतला ता तेका ठावक आसा. तुका नाय. तू बॉल बघ." मी तेव्हा वरच बघत होतो. मान पटकन खाली घातली.

मॅनेजरने नक्की करायचं काय, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. "सोपां आसा," ते म्हणाले. "जिंकली तर पोरां जिंकली. हरलो तर कोच हरलो." "आणि मॅनेजर?" "मॅनेजरान केळी आणूची." तेवढं काम मात्र मी चोख केलं.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. आमच्याकडे देवळात जत्रा असो, घरात लग्न असो, गावकर देवासमोर उभा राहून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. सरांनी हे मैदानात आणलं होतं. सामन्याआधी सगळे गोल करून उभे राहायचे, चेंडू मधोमध, आणि सर सुरू करायचे.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी पोरां मैदानात उतरतत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मनोजाक बॉल मिळालो तर तो दुसऱ्याकय देवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो गोलकीपर उदय, तेका पोरींकडे बघूक खूप वेळ गावता. तो जरा कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या पात्रांवाक आमचो गोल खंयचो तो दिसांदे!"

यावर जो "व्हय म्हाराजा" निघायचा, तो पलीकडच्या डोंगरावर आपटून परत यायचा.

सर कंत्राटी होते. दर जूनमध्ये त्यांची नेमणूक नव्याने व्हायची. त्यांना कायम करण्याची फाईल पणजीत होती, आणि ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अशा सावकाश चालीने सरकत होती की सर म्हणायचे, तिला माझ्याकडे सरावाला पाठवा. शेवटी एकदाची ती सहीच्या टेबलावर पोचल्याची बातमी आली. प्राचार्यांनी स्वतः बोलावून सरांना सांगितलं. नेमकी त्याच आठवड्यात, रविवारी, डिचोलीला आमची सेमीफायनल होती.

रेफरी होते शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर, काटेकोर आणि वयस्क. सामना संपत आला असताना त्यांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. सर कधी रेफरीशी वाद घालत नसत, त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रेफरीबाब, चष्मो घरा विसारल्यात काय?" सगळं मैदान हसलं. पोरं हसली, मीही हसलो. उदयच्या हातून पेनल्टी सुटली आणि बरोबरी झाली, पण टायब्रेकरवर आम्ही जिंकलो आणि बसमध्ये गाणी म्हणत पेडण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. सामन्यानंतर रेफरी मैदानाच्या कडेच्या खोलीत कपडे बदलायला गेले, तेव्हा कुणीतरी बाहेरून कडी घातली. मैदान रिकामं झालं. वॉचमन गेट लावायला आला तेव्हा त्याला आतून थापा ऐकू आल्या. मास्तरांना साखरेचा आजार. साखर उतरून ते बाकावर आडवे झाले होते, आणि वॉचमनने धावत जाऊन गोड लिंबूसोडा आणून पाजला म्हणून निभावलं. पिवळी जर्सी घातलेली पोरं तिथून हसत पळताना कुणीतरी पाहिली होती. पिवळी जर्सी आमची.

प्राचार्य घाबरले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की त्याला युक्त्या सुचत. "कडी कुणी घातली ते कुणी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "कोच तेव्हा बसमध्ये होते. तेवढंच लिहून द्या. टीम फायनल खेळेल, तुमची फाईलही अडणार नाही." लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी मन लावून लिहिलं. 'सदर घटना सामन्याच्या अधिकृत वेळेनंतर घडली असल्याने' अशी सुरुवात केली आणि शेवटपर्यंत एकाही वाक्याला कर्ता येऊ दिला नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. "बरां लिवल्यात, पात्रांव. पण ह्यात मी खंयच नाय."

"तेच तर!" मी म्हणालो.

"मगे आयतवारी थंय टोपी घालून उभो होतो तो कोण?"

"अहो सर, फाईल सहीला आहे. आत्ता नाही तर कधीच नाही."

"ठावक आसा," ते म्हणाले आणि कागद घडी घालून माझ्याच खिशात ठेवला.

त्या दिवशी दुपारी सरावाला त्यांनी सगळ्यांना गोल करून उभं केलं. चेंडू मधोमध. पोरांना वाटलं, आता कोण होतं म्हणून विचारणार. प्रत्येकाने तोंडावर कुलूप घालून ठेवलं होतं. सरांनी काहीच विचारलं नाही. टोपी काढली आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! डिचोलीक एका म्हाताऱ्या माणसाक खोलयेत कोंडून घातल्यानी!"

"व्हय म्हाराजा," पोरं सवयीने म्हणाली. आवाज पडलेला.

"तो मेलो असतो तर आमकां कळलांय नसतां रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आणखी बारीक.

"तेका कोंडणारो मी, म्हाराजा!"

त्या गोलात उभं राहून देवासमोर खोट्याला हो म्हणायचं तर पोरांची जीभ वळत नव्हती, आणि नाही म्हणायची तर रीतच नाही. गाऱ्हाण्याला नाही म्हणालेला माणूस मी आमच्या अख्ख्या तालुक्यात पाहिलेला नाही. सर वाट बघत राहिले. मग पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने. "तेका कोंडणारो मी, म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," उदय म्हणाला.

सगळ्यांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता. "नाय म्हाराजा. कडी मी घातली."

"नाय म्हाराजा," मनोज पुढे आला. "घाल म्हणून मी सांगितलां."

"मी राखण केलंय, म्हाराजा," तिसरा म्हणाला. मग हसलेले, बघितलेले, ठाऊक असून बसमध्ये गाणी म्हटलेले असे एकेक जण बोलू लागले. त्या भरात मलाही काहीतरी कबूल करावंसं वाटायला लागलं. खिशातला कागद मात्र मी तिथेच फाडला.

नंतर मी सरांना विचारलं, "पोरं बोलतील हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाय."

"आणि 'व्हय' म्हणाली असती तर?"

"मगे तसांच जावन सांगितलां असतां."

चौकशीला डिचोलीहून दोघे आणि आमचे प्राचार्य बसले होते. पोरांनी आपापलं सांगितलं. मग सरांना विचारलं, यात तुमचा काय संबंध? सर म्हणाले, "चष्म्याचो शब्द पयलो माझ्या तोंडातसून गेलो. पोरांनी माझां वाक्य पुरां केलां." प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण मला इतिवृत्त लिहायचं होतं.

निकाल लागायच्या आधीच सर पोरांना घेऊन रेफरी मास्तरांच्या घरी गेले. मी केळी घेतली होती. मास्तरांनी सगळ्यांना आतल्या खोलीत दाटीवाटीने बसवलं, सगळ्यांची माफी ऐकून घेतली, "चहा सांगतो" म्हणून बाहेर गेले आणि बाहेरून कडी घातली.

आधी पोरं एकमेकांकडे बघून हसली. मग हसणं थांबलं. कडी वाजवायची कुणाची छाती होईना. खोलीत एकच लहान खिडकी, माणसं इतकी, आणि मला तर घरातून निघाल्यापासून लघवीला जायचं होतं. सर भिंतीला टेकून शांत बसले होते. "कुणी हाक मारूची नाय," त्यांनी दटावलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. मास्तर दारात उभे, मागे त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन.

"काय रे पोरांनो," मास्तर म्हणाले, "कसां वाटलां?"

उदयने वाकून त्यांचे पाय धरले. मास्तरांनी त्याला उठवलं, त्याच्या हातात चहा आणि उंडो पाव दिला. मी आशेने मास्तरांकडे पाहिलं, आता हे तक्रार मागे घेणार. मास्तरांना माझी नजर कळली असावी. "चहा वेगळो," ते म्हणाले, "रिपोर्ट वेगळो." सर खूश झाले. येताना बसमध्ये सारखे म्हणत होते, "रेफरी म्हणजे असो होवक जाय!"

टीम फायनलमधून बाद झाली. सरांना हंगाम संपेपर्यंत मैदानात पाय ठेवायला बंदी आली. त्यांनी ती अक्षरशः पाळली. रोज दुपारी छत्री घेऊन कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त खोकायचे. डाव्या बाजूने खोकला आला की मनोज डावीकडे धावायचा. मी प्राचार्यांना सांगितलं, सरांना सर्दी आहे.

फाईल पणजीहून सहीशिवाय परत आली, आणि जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. निरोप समारंभाला पोरांनी त्यांना पिवळी जर्सी दिली. ती पोटावर बसेना म्हणून सरांनी ती खांद्यावर शालीसारखी घेतली आणि तशीच मिरवली. मी भाषण केलं. जबाबदारी या शब्दाच्या अर्थछटांवर मी बराच वेळ बोललो. सरांनी मध्येच मोठ्याने टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला वाटलं त्यांना भावलं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पात्रांव, थांबा आता. पोरांक भूक लागल्या." मग स्कूटरवर बसले आणि इब्रामपूरला आपल्या काजूच्या बागेत गेले. ऐकतो, आता तिथली पोरं संध्याकाळी डोंगरउतारावर फुटबॉल खेळतात आणि चेंडू नाल्यात गेला तर आणायला सर स्वतः उतरतात.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा बायको विळीवर बांगडे कापत होती. मी तिला सगळं सांगितलं. माझं भाषण किती रंगलं तेही सांगितलं. आमच्या मुलाच्या प्रवेशाचे ते दिवस. बाप इतकी वर्षं जिथे प्राध्यापक आहे त्याच कॉलेजात त्याला घालायचं, हे आमच्या घरात इतकं गृहीत होतं की त्यावर कधी बोलणंसुद्धा झालं नव्हतं. बायकोने ऐकून घेतलं, हात धुतले, पदराला पुसले.

"मगे आमच्या झिलाक थंय घालूचो कशाक?" ती म्हणाली. "थंय आता आसा कोण?"