गाडीत काही निघालं नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही. आईला तर नाहीच, आणि आता सांगायचं म्हटलं तरी ती नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही.

आमच्या वडगाव निंबाळकरात मला इंजिनातलं कळतं, असं लोक म्हणतात. ट्रॅक्टर असो, विहिरीवरची मोटर असो, बंद पडलं की "दादाला बोलवा." शिक्षण बेताचंच, पण हा एक मान होता. मला तो फार आवडायचा. बहुतेक इथूनच सुरुवात करायला हवी...

नाही. वैशालीपासून करतो.

वैशाली माझ्या धाकट्या भावाची बायको. माहेर इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवचं. वडिलांचा भाजीचा पिकअप ती लग्नाआधी स्वतः इंदापूरच्या बाजाराला न्यायची. आमच्याकडं आली आणि ते बंद झालं. आमच्यात बाईनं गाडी चालवायची पद्धत नव्हती. मग आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस. भाऊ कारखान्यात पाळीवर, मी उसात. न्यायचं कुणी? भावाची नवी गाडी तर दारात उभी. शेवटी आईच म्हणाली, "ही नील की मला. हिला काय हात न्हाईत?"

आईला पाणी मोजून प्यायचं असायचं. म्हणून वैशाली डब्यात बर्फाचे चार खडे घेऊन जायची, आणि परतीच्या वाटेवर आई ते एकेक चघळायची. दोघी गाडीत काय बोलायच्या, देव जाणे. पण गाडी अंगणात शिरायची ती हसण्यासकट. एकदा उतरता उतरता आई म्हणाली, "वैशे, तुझ्या सासऱ्यानं उभ्या जन्मात मला एवढं फिरवलं न्हाय बघ." आईला सुनेबरोबर असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हे मी मोडलं.

त्या सकाळी गाडी सेल घेईना. वैशालीनं शोरूमच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याला यायला तास लागणार होता. मी म्हटलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावतो, दोन मिनिटांचं काम.

"नको दादा. ह्या गाडीत समदं कम्प्युटरवर हाय. पुस्तकात लिवलंय, असलं कायबाय करू नका म्हणून. त्यो येऊ द्या."

पुस्तक! मला पुस्तक सांगते? "पुस्तकावर गाड्या चालत्यात व्हय गं?" मी हसून म्हटलं. ती आईला तयार करायला आत गेली.

मी ट्रॅक्टर आणून लावला. आमच्या अंगणात तो रोजच घुरघुरतो, आत कुणाला वेगळं काय वाटणार? केबल जोडली, रेस वाढवली, गाडी झटक्यात सुरू झाली. इथं थांबलो असतो तरी — पण नाही. जुन्या जीपला आम्ही एक करायचो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. इंजिन तरीही चालत राहिलं, तर चार्जिंग ठीक आहे. शेकडो वेळा केलेलं. ट्रॅक्टरची केबल सोडवली, रेस दिली आणि माझा हात आपसूक तिकडं गेला. ठिणगी उडाली. स्टिअरिंगसमोरचे सगळे दिवे एकदम लागले. घाईनं वायर परत बसवली. दिवे विझले — एक सोडून. पिवळा, स्टिअरिंगच्या चित्राचा. मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो. जरा वेळानं तोही विझला.

आईला धरून ती बाहेर आली, तोवर ट्रॅक्टर जागेवर गेला होता.

"वायर सैल झालती, आवळली," मी म्हणालो. "लागलं का तुझं पुस्तक?"

"दादा हायत म्हणून बरंय," ती आईला म्हणाली. मेकॅनिकला येऊ नको म्हणून कळवलं. दोघी गेल्या.

कालव्याच्या वळणावर स्टिअरिंग जाम झालं. गाडी बाभळीवर गेली. वेग नव्हता, म्हणून निभावलं. आईच्या कपाळाला टाके पडले, मनगट मोडलं. वैशालीला खरचटलंही नाही — आणि तेच लोकांच्या डोळ्यांवर आलं. ती एकच सांगत राहिली, "स्टिअरिंग वळलंच न्हाय." आई म्हणायची, "आमी हसत हुतो. हिचं ध्यान न्हवतं." भाऊ म्हणाला, गॅरेजवाला काय म्हणतो ते बघू.

बारामतीच्या गॅरेजला मीच गेलो. मिस्त्रीनं लॅपटॉप लावून बराच वेळ तपासलं. मग मला बाजूला घेतलं. "चालू गाडीत बॅटरीची वायर कुणी काढली हुती का? करंटचा झटका बसलाय. स्टिअरिंगचा कम्प्युटर गेलाय."

"न्हाय बा," मी म्हणालो.

"असू द्या. पण बाईंची चूक न्हाय, एवढं घरी सांगा."

एवढं घरी सांगा! घरी आलो तर सगळे ओसरीवर बसलेले. वैशाली दाराशी उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं ते पूर्ण भरवशानं — दादाला कळतं, दादा सांगतील. मी चपला काढल्या आणि म्हणालो, "गाडीत काही निघालं न्हाय."

चार शब्द. कुणी तिला ओरडलं नाही. थोड्या वेळानं तीच हळू म्हणाली, "मग माझंच ध्यान नसंल."

पुन्हा तिनं गाडीला हात लावला नाही. पुढचे चौदा महिने आईला मीच न्यायचो. आई मागच्या सीटवर गप्प. एकदा मी डब्यात बर्फ नेला. "नको रे," म्हणाली. पाहुण्यांना सांगायची, सुनेनं माझा जीव घेतला असता. एकदा वैशाली पाय चेपायला बसली, तर आईनं पाय ओढून घेतले. मी समोर होतो. बारामतीच्या प्रत्येक फेरीत गाडीत आम्ही दोघंच असायचो — बोलायला तेवढा वेळ पुरला नसता का? पण गावात मला इंजिनातलं कळत होतं. तेवढ्यासाठी. आई गेली, ती सुनेवर रुसूनच.

परवा पुतणीला अठरा पूर्ण झाली. "मम्मी, मला गाडी शिकव," म्हणाली. वैशाली भाकरी थापत होती. "माझ्याकडनं नको बाई. माझ्या हातनं तुझी आज्जी मरता मरता वाचलीय." मी तिथंच जेवत होतो. मी अजून एक भाकरी मागितली, आणि तिनं ती वाढली.

वैशालीचं ध्यान रस्त्यावर होतं. स्टिअरिंग वळलंच नव्हतं. ते मी बिघडवलं होतं, आणि ओसरीवर बसलेल्या सगळ्यांत हे एकट्या मला माहीत होतं.