फलटणच्या गच्चीवरची राखण

सुरुवातीलाच सांगून टाकते - रस्त्यात पडलेलं लिंबू बघून वळसा घालणाऱ्यांतली मी नाही. सगळी नोकरी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये गेली. घरात कुणी "मला ना काहीतरी दिसलं" म्हणालं की "चष्म्याचा नंबर तपासून घे" हे माझं ठरलेलं उत्तर. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते दुपारच्या चहाबरोबर, करमणूक म्हणून. काहींवर खवचट कॉमेंटही केल्यात... त्यांची माफी मागते. आज माझी पाळी आहे, तुम्हीही हात धुऊन घ्या.

दुसरं म्हणजे, मी जळकी आहे. हे माझ्या नवऱ्यालाही मान्य आहे. पण सगळ्या जगावर नाही हं, एकाच माणसावर - माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर, मंजूवर. तिला उन्हाळे मिळाले, मला मिळाले नाहीत. एवढंच कारण, आणि ते मला अजून पुरतंय.

आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आई टेलिफोन खात्यात, बाबा मार्केट यार्डात एका पेढीवर. बाबांच्या वडिलांना, म्हणजे आजोबांना, अर्धांगवायू झालेला. ते आतल्या खोलीत कॉटवर असायचे. सुट्टी लागली की फलटणहून मामा आम्हाला न्यायला यायचा आणि दर वर्षी तेच नाटक. "मंजू लहान आहे, आजारी माणसाजवळ कशाला, तिला ने. नंदा काय, समजूतदार आहे." मी दहा वर्षांची होते हो! समजूतदार! हा शब्द आजही कुणी माझ्याबद्दल वापरला तर मी भांडण काढते. दुपारी बाराला आजोबांचं औषध, तीनला त्यांचा चहा, मधला वेळ त्यांच्या उशाशी बसायचं. असे चार उन्हाळे.

आणि जूनमध्ये मंजू परत यायची. रापलेली, गुडघे फोडून घेतलेली, तोंडाचा पट्टा सुरूच. मामाकडे आंब्याची अढी, मामाबरोबर कालव्यात डुंबणं, रविवारी कुणाच्या तरी जीपमधून सगळी गँग शिखर शिंगणापूरला, येताना उसाचा रस... आणि कुरडया! तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक मामी पहाटे शिजवायची, तो गरमागरम चीक साखर-तूप घालून पोरांना ताटलीत मिळायचा. मग गच्चीवर कुरडया घालायच्या आणि दुपारभर कावळे-चिमण्या हाकलत राखणीला बसायचं. मी गणिताचं पुस्तक डोळ्यांपुढे धरून सगळं ऐकायचे. एकही पान उलटायचे नाही.

मोठी झाल्यावर तिनं हे सगळं विसरावं की नाही? छे! प्रत्येक लग्नात, प्रत्येक भाऊबिजेला फलटण पुराण. दोन वर्षांपूर्वी फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकली, वर कैऱ्यांचा फोटो. लोकांनी नुसता बदामांचा पाऊस पाडला. मी लाईक केलं नाही. तिला ते कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं.

मी स्वतः त्या घरात कधीच पाऊल टाकलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. लग्नानंतर मामानं खूपदा बोलावलं. मी म्हणायचे, "तेव्हा नाही नेलंत, आता कशाला?" भेटीगाठी व्हायच्या त्या पुण्यातच, मामा-मामी इकडे आले की. मामा गेला तेव्हा माझं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तेव्हाही जाणं झालं नाही.

या वर्षी मेच्या सुरुवातीला मंजूचा फोन आला. "ताई, मामीचं घर विकायचं ठरलंय. सुहास तिला साताऱ्याला नेतोय. ती म्हणते, शेवटच्या कुरडया याच गच्चीवर घालणार, दोघी या." सुहास म्हणजे मामीचा मुलगा. मी आधी कारणं शोधली. मग "येते" म्हटलं. खोटं कशाला बोलू... मामीच्या प्रेमानं नव्हते गेले. एकदा बघायचंच होतं, एवढं काय सोनं लागून गेलं होतं तिथं. साधंसुधं घर निघावं आणि माझ्या जिवाला थंडावा मिळावा, हा हेतू.

शनिवारी पहाटे पाचला मंजू गाडी घेऊन दारात. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद. वाटेत तिचं चालूच - "इथं मामा आम्हाला पेरू घ्यायचा." मी म्हटलं, "मे महिन्यात पेरू?" मग तिनं गाडीतला रेडिओ लावला.

घर खरंच साधं निघालं. सिमेंटचं, दोन मजली, पुढे जाळीचं दार. मला इतकं बरं वाटलं! आम्ही पोचलो तेव्हा वर कुरडया घालणं चालू होतं, म्हणून चपला काढून थेट जिना चढलो. त्या जिन्याची वरून दुसरी पायरी इतर पायऱ्यांपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. मी पुढे होते, गेले वर. मागून मंजू अडखळली आणि हातांवर पडली. "काय गं, तुझंच ना घर?" असा टोमणा मी मारून घेतला. मी स्वतः का अडखळले नाही हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही.

गच्चीत साड्या अंथरून त्यावर कुरडया घातलेल्या. मामी आता अठ्ठ्याहत्तरची, गुडघे गेलेत, पण सोऱ्या स्वतः दाबत होती. शेजारच्या दोघी मदतीला. मी चीक खाल्ला. मान्य करते, चांगला होता.

दुपारी जेवणं झाली. सुहास आडवा झाला, मंजू मोबाईल घेऊन पंख्याखाली बसली. मी भांडी आवरत होते. मामी खुर्चीतून म्हणाली, "नंदे, जा गं आता वर. कावळं टपलं असतील. तुझी जागा ठाऊक हाय न्हवं, टाकीच्या सावलीची?"

मला वाटलं, वय झालंय, नावांचा घोळ होतोय. मी म्हटलं, "मामी, मी नंदा. इथं यायची ती मंजू."

"मला काय खुळी समजलीस व्हय?" मामी म्हणाली. "मंजी कवा बसली राखणीला? पाच मिनिटांत खाली पळायची. राखण करायचीस ती तू."

मी हसले. मंजूकडे बघितलं, तीही हसेल म्हणून. मंजू हसत नव्हती. मोबाईल मांडीवर पालथा घालून ती फरशीकडे बघत होती.

मी हातातलं भांडं ठेवलं आणि वर गेले. टाकीच्या सावलीत पाठ टेकून बसले. समोर कुरडया, पलीकडे कुणाच्या तरी डिश अँटेना, वर पांढरं ऊन. पाच मिनिटांनी मंजू आली आणि जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली.

"अगदी तश्शीच बसलीयेस," ती म्हणाली.

"कुणासारखी?"

"ताई, चिडणार नाहीस ना?"

"आधी बोल. मग ठरवते."

तिनं जे सांगितलं ते असं. पहिल्याच उन्हाळ्यात तिची राखणीची पाळी होती. ऊन सोसेना म्हणून ती खाली पळाली, पाणी पिऊन परत वर आली, तर टाकीपाशी मी बसलेले. हातात काठी. "ताई" म्हणून हाक मारली तरी मी बघितलं नाही. ही रडत खाली गेली, तर मामी म्हणाली, "असू दे, बसू दे तिला." पुढच्या प्रत्येक वर्षी कुरडया-सांडगे घातले की दुपारी मी तिथं असायचे. रोज नाही, पण बऱ्याचदा. मामाच्या पोरांना दिसायचे नाही. मामीला आणि हिलाच दिसायचे.

मी म्हटलं, "मंजू, सात-आठ वर्षांची होतीस. घरची आठवण येत असेल, त्यातून असं दिसतं."

"पिवळा फ्रॉक होता तुझा," ती म्हणाली. "आणि खिसा हिरवा. एकच खिसा, उजवीकडे."

तो फ्रॉक आईनं एका मे महिन्यात शिवला होता. कापड कमी पडलं म्हणून खिसा दुसऱ्या तुकड्याचा लावला. मंजू तेव्हा फलटणला होती. पंधरा दिवसांत स्टोव्हचा भडका होऊन फ्रॉकची कड जळली, आणि आईनं त्याची फडकी केली. मंजू जूनमध्ये आली तेव्हा तो फ्रॉक नव्हताच. त्याचा फोटो नाही. असल्या गोष्टीचा फोटो कोण काढणार तेव्हा?

आणि मग एकेक आठवायला लागलं. आजोबा बाबांकडे तक्रार करायचे - "पोरगी दुपारी कुठं जाते? हाका मारून घसा सुकला." मी रडकुंडीला येऊन सांगायचे की मी तर उशाशीच होते! बाबांना वाटायचं, आजोबांना भ्रम होतोय. आणि एका संध्याकाळी आई ऑफिसातून आली, तर माझ्या दोन्ही तळपायांना फोड. "अनवाणी कुठं उंडारत होतीस उन्हात?" म्हणून तिनं आधी मारलं आणि मग रडत तूप लावलं. मी दाराबाहेर गेलेच नव्हते. फोड कशानं आले ते मला सांगता येईना, म्हणून आणखी दोन फटके खाल्ले.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी मंजूला विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मी जळायचे तुझ्यावर," ती म्हणाली. "घरी सगळे नंदा शहाणी, नंदाचं अक्षर बघ. मला वाटायचं, फलटण तरी माझं एकटीचं आहे. तर तिथंही तू! आणि तिथंही मामी तुझंच कौतुक करायची, नंदीसारखी राखण कुणाला जमत नाही म्हणून. मला भीती वाटायची, तुला कळलं की तू येतेस, तर तू रोजच येशील."

म्हणजे बघा. मी चार उन्हाळे पुण्यात बसून हिच्यावर जळत होते, आणि ही फलटणला बसून माझ्यावर. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिला म्हटलं, "तू फार वाईट आहेस." ती म्हणाली, "हो." मग आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

संध्याकाळी मी मामीला गाठलं. विचारलं, तुला भीती नाही वाटली?

"भ्यायचं काय त्यात? पोरगी घरची. बोलायची न्हाई, पण कावळा फिरकू द्यायची न्हाई. मी चिकाची ताटली ठेवायची तुझ्यापाशी. सांजच्याला रिकामी असायची. तू खाल्लीस का चिमण्यांनी, ते मला ठाऊक न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या आईला बोलले होते मी एकदा. लई रडली. म्हणाली, वहिनी, तिला तिथनं हाकलू नका."

आईला माहीत होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं, की आईनंच मामीला पत्रातून फ्रॉकचं कळवलं असेल, आणि पोरीनं ते ऐकून बाकीचं मनानं रचलं असेल. असेलही. तळपायांच्या फोडांचं विचारलं तर "ॲलर्जी" म्हणाला आणि पेपर उघडला. मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मला स्वतःला मात्र याचा उलगडा झालेला नाही. कुणाला असं काही माहीत असेल तर जरूर लिहा. खवचट लिहिलंत तरी चालेल, तो हक्क तुम्हाला आहेच.

मंजूवर मी आता जळत नाही. परवा तिनं कुरडयांचा फोटो टाकला, तो मी लाईक केला. तिनं लगेच फोन केला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

पण जुनी सवय जाते थोडीच? रोज दुपारी मी डोळे मिटून बसते आणि आठवायचा प्रयत्न करते. गच्ची, टाकीची सावली, हातातली काठी, गरम चीक... काही येत नाही. येते ती आजोबांची खोली, औषधाचा वास आणि भिंतीवरचं घड्याळ. ऊन त्या गच्चीवरच्या पिवळ्या फ्रॉकवालीला मिळालं. मामीचं कौतुक तिला मिळालं, चिकाची ताटलीही तिलाच. फोड तेवढे माझ्या पायांना आले. ती मीच होते म्हणतात. असेन. पण चार उन्हाळे ती इथून उठून तिकडे जात होती, आणि तिनंसुद्धा मला एकदाही बरोबर नेलं नाही.