मागचे दोन स्पीकर का वाजत नाहीत?

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टीव्हीच्या मागे धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. कधीतरी वायर काढायला आपण खाली वाकतो आणि सगळं एकदम नाकातोंडात जातं! आम्ही जुने दुकानवाले भेटलो की तेच होतं. एक शिंकला की दुसरा शिंकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात अरुणभाऊंचं टीव्ही आणि टेपचं दुकान होतं. मी आणि हेमंत त्यांच्याकडे फिटिंगला. तोवर आमचं बरं चाललं होतं. टीव्ही लावला, अँटेना फिरवली, चहा प्यायला, निघालो. मग होम थिएटर आलं!

कागदावर मामला सोपा. डिस्क प्लेयर चित्र टीव्हीला देणार आणि आवाज रिसीव्हरला. रिसीव्हर तो आवाज स्पीकरांना वाटून देणार: तीन पुढे, दोन ऐकणाऱ्याच्या पाठीमागे आणि कोपऱ्यात एक वूफर. पण कुठलीही एक गोष्ट चुकली की मागचे दोन आधी मुके व्हायचे. गिऱ्हाईक पुढचे तीन ऐकायचंच नाही. मान वळवून मागेच बघत बसायचं.

अरुणभाऊ माणूस सोन्यासारखा, पण काळजीचा कारखाना. बटण दाबायची वेळ आली की ते घराबाहेर ओट्यावर जाऊन उभे राहायचे. "माझ्या डोळ्यांसमोर काही जळायला नको रे बाबांनो!"

*

पहिलाच सेट एका सर्जनकडे होता. डॉक्टरांच्या मेहुण्यांनी तो सिंगापूरहून आणलेला. अख्ख्या जळगावात तेव्हा असे सेट मोजकेच.

रिसीव्हरमध्ये एक टेस्ट असते. तो स्वतःच प्रत्येक स्पीकरमधून 'श्शऽऽ' असा आवाज फिरवून दाखवतो. पुढे श्शऽ, मागे श्शऽ, सगळं झकास! मग डिस्क लावली, तर आवाज फक्त पुढून.

स्पीकर ठीक, रिसीव्हर ठीक, मग अडलं कुठे? तासभर केबल काढ, केबल घाल. डॉक्टर खुर्चीत बसून शांतपणे बघत होते. त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटत होती.

शेवटी हेमंतने डिजिटल केबल हातात घेतली. ही केबल उजेडावर चालते. तिच्या टोकाला कारखान्यातूनच एक इवलीशी प्लास्टिकची टोपी येते. ती तशीच ठेवून आम्ही केबल दामटून घुसवली होती! उजेड काही पोचत नव्हता, म्हणून रिसीव्हर गुपचूप साध्या लाल-पांढऱ्या केबलवर चालत होता.

टोपी काढली. मागून आवाज आला. ओट्यावरून अरुणभाऊ आत आले.

डॉक्टर उठले आणि ती टोपी चिमटीत धरून म्हणाले, "मी इंजेक्शन देताना सुईवरचं टोपण आधी काढतो हो!"

*

वरणगावला दारूगोळ्याच्या फॅक्टरीतले एक साहेब तिथल्याच कॉलनीत राहायचे. त्यांची तक्रार साधी होती. वूफर वाजत नाही.

दुपारी गेलो. वूफरची केबल चुकीच्या भोकात होती. काढून नीट लावली. साहेबांनी हौसेने लढाईचा सिनेमा लावला. केबल चुकलेली असताना त्यांनी वूफरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, हे आम्हाला कसं कळणार?

पहिला बॉम्ब पडला. धडाऽऽम! कपाटातली भांडी थरथरली.

साहेब खूष होऊन आमच्याकडे बघायला लागले. पण बाहेर काहीतरी विचित्र झालं होतं. एकदम शांतता. खिडकीतून बघितलं तर समोरच्या ओळीतल्या सगळ्या बायका दारात आल्या होत्या. कोणी ओरडत नव्हतं, पळत नव्हतं. एकीचे हात कणकेने भरलेले. एक लेकरू कडेवर घेऊन उभी. सगळ्यांची तोंडं फॅक्टरीच्या दिशेला. प्रत्येकीचा माणूस तिकडे ड्यूटीवर होता, आणि चाचणीच्या बाराआधी वाजतो तो भोंगा आज वाजला नव्हता.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. ते चप्पल न घालताच बाहेर धावले. "काही नाही हो, काही नाही! सिनेमा आहे! माझ्याकडचा सिनेमा आहे!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग कणकेचे हात असलेल्या बाई पहिल्यांदा बोलल्या.

"सिनेमा आहे ना? मग आधी भोंगा वाजवत जा की!"

त्या दिवशी वूफरचं बटण साहेबांनी स्वतःच्या हाताने मागे आणलं.

*

एका रविवारी सकाळी अरुणभाऊंनी दुकानातच डेमो ठेवला. शहरातले वकील, व्यापारी, दोन प्राध्यापक. खुर्च्या मांडलेल्या, पडदे लावलेले, गुलाबपाणी शिंपडलेलं. अरुणभाऊ आदल्या दिवसापासून नुसत्या ताकावर होते.

प्रस्तावना झाली. बटण दाबलं. रिसीव्हर लागला, 'टक्' असा आवाज झाला आणि बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा टक्!

हेमंत रिसीव्हरच्या मागे आडवा झाला. मी टॉर्च धरला. अरुणभाऊंना आज ओट्यावर पळताही येईना. घाम पुसत ते पाहुण्यांना म्हणाले, "ही शांतता ऐकताय ना? खरखर नाही, घरघर नाही. उत्तम सिस्टीमची हीच खूण!"

लोकांनी माना डोलावल्या. एक प्राध्यापक तर डोळे मिटून ऐकायला लागले!

बोलता बोलता घाबरलेला माणूस हाताने काहीतरी चाळा करतोच. अरुणभाऊ आवाजाचं बटण फिरवत होते. पार शेवटपर्यंत फिरवलं, आणि त्यांना पत्ताच नाही.

मागे स्पीकरच्या वायरीचा एक केसाएवढा तांब्याचा धागा शेजारच्या स्क्रूला टेकला होता. रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होत होता. हेमंतने धागा बाजूला केला आणि ओरडला, "झालं!" मी बटण दाबलं.

पुढचं काय सांगू! पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांचा चहा मागच्या रांगेत गेला. प्राध्यापकांचे डोळे उघडले ते मिटेचनात.

आवाज बंद झाल्यावर वकीलसाहेब धोतर झटकत म्हणाले, "अरुणभाऊ, ती मघाची शांतताच पॅक करून द्या!"

*

पहूरच्या नानांनी सेट नेला, पण त्यांच्याकडच्या सगळ्या डिस्क साध्या. त्यात आवाज दोनच बाजूंचा. रिसीव्हरवर सराउंडचं बटण दाबलं तर तो त्यातलंच थोडं मागे ढकलतो, पण मागून येतं ते कुजबुजल्यासारखं.

नाना मागच्या स्पीकरला कान लावून बसले. मग दुसऱ्याला. चेहरा गंभीर. अरुणभाऊ माझ्या कानात म्हणाले, "परत करतील रे. नक्की परत करतील."

"नाना, डिस्कमध्येच दोन आवाज आहेत," हेमंतने समजावलं. "जे भरलंच नाही ते निघणार कसं?"

नानांनी उठून स्पीकरच्या डोक्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"धुगधुगी आहे. बस झालं."

नंतर ते बाजाराला जळगावात आले की दुकानात डोकावून जायचे. अरुणभाऊ घाबरत विचारायचे, "नाना, मागचे दोघं कसे आहेत?"

"आहेत आपले. बोलत नाहीत, पण आहेत!"

*

धुळ्याच्या अक्कांकडे वेगळीच पंचाईत. सेट लावला की पाचही स्पीकरांतून 'हूंऽऽ' असा आवाज. सिनेमा असो, गाणं असो, मागे हूंऽऽ चालूच. अक्कांच्या मुलाने वैतागून निरोप धाडला, "घेऊन जा हा भुंगा!"

रिसीव्हरच खराब असणार असं धरून आम्ही दुसरा नवा घेतला आणि एसटीने निघालो. खोका अरुणभाऊंच्या मांडीवर. एरंडोल आलं, पारोळा आलं, पण त्यांनी खोका खाली ठेवला नाही. खड्डा आला की ते स्वतः उचलले जायचे, खोका नाही!

धुळ्याला नवा रिसीव्हर जोडला. हूंऽऽ!

अरुणभाऊ भिंतीला टेकून खालीच बसले. अक्कांनी त्यांना पाणी दिलं. मग हेमंतला काय सुचलं कोण जाणे, त्याने टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर उपसली. हूं बंद! रिसीव्हर विजेच्या वायरीतून एका वाटेने जमिनीशी जोडलेला आणि केबलच्या वायरीतून दुसऱ्या वाटेने. त्या दोन वाटांच्या भांडणाचा तो आवाज. वायरीच्या मधे एक छोटा जोड बसवला. चॅनल दिसायला लागले आणि स्पीकर चिडीचूप. अक्कांच्या मुलाने हात जोडले. जुनाच रिसीव्हर तिथे ठेवून आम्ही विजयी मुद्रेने परत आलो.

आठवडाही झाला नसेल, अक्कांचा फोन. अरुणभाऊंनी हॅलोच्या आधीच विचारलं, "काय बिघडलं अक्का?"

"बिघडनं नही भो, तेच तं वांधा व्हयना!" अक्का रडकुंडीला आल्या होत्या. नातू तान्हा होता. त्याचा पाळणा त्याच खोलीत. जन्मल्यापासून ते लेकरू त्या हूंवर झोपायचं. आवाज गेला तशी त्याची झोप गेली, आणि त्याच्यापायी सगळ्यांची!

"पोऱ्या जपत नही. बठ्ठं घर जागं शे! तुमनं ते हूं हूं परत लाई द्या!"

हेमंतने फोनवरच सांगितलं तो जोड कसा काढायचा. पलीकडे खुडबुड झाली. मग हूंऽऽ ऐकू आलं, आणि पाठोपाठ अक्कांनी अगदी अलगद फोन ठेवला.

*

नशिराबादच्या आबांना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. घरात आबा, त्यांची सून, म्हणजे आमच्या वहिनी, आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. मुलगा मस्कतला कामाला. त्याने तिथून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर डिस्क प्लेयर, रिसीव्हर आणि स्पीकर पाठवले. गाव हसलं. आंधळ्या बापाला सिनेमा! सोबत निरोप एवढाच होता की मागचे दोन स्पीकर आबांच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना लावा.

सामान आलं आणि त्यानंतर मुलाचा फोन आला नाही. तो नेमाने करायचा. कंपनीत काहीतरी गडबड झाल्याचं कोणीतरी सांगितलं होतं, नक्की कोणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी इकडून लावून बघितला, कोणी उचलला नाही. आम्ही फिटिंगला गेलो तेव्हा घरात सगळे हळू बोलत होते. वहिनी टीव्हीशेजारच्या फोनपासून लांब जात नव्हत्या. स्वयंपाकघरात गेल्या तरी पदर दारातून बाहेर दिसायचा.

सेट जोडला. पुढून आवाज, मागे शुकशुकाट.

आबा खाटेवर ताठ बसले होते. "मागून येणार होता ना आवाज? पोरगं म्हणालं होतं."

"येईल आबा, येईल," अरुणभाऊ म्हणाले. त्या दिवशी ते ओट्यावर गेले नाहीत.

केबल बघितली. ठीक. टेस्ट केली. श्शऽऽ, सगळीकडे. टोपी? नव्हती! शेवटी प्लेयरच्या मेनूत शिरलो. प्लेयर सगळा आवाज आधीच दोन भागांत आटवून रिसीव्हरला देत होता. ते सेटिंग बदललं. डिस्क एकच होती, मुलाने पाठवलेली इंग्रजी. लावली.

सिनेमात पाऊस पडत होता. तो आबांच्या मागे पडायला लागला. आबांनी पाय खाटेवर ओढून घेतले. मग हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे, कारण नातवंडं टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघायला लागली.

मग सिनेमात कुठल्याशा ऑफिसात फोन वाजला, तोही आबांच्या मागून. ट्रिंग ट्रिंग!

वहिनी हातातली परात टाकून धावल्या. फोन उचलला. "हॅलो? हॅलो?" फोनमध्ये नुसती घूंऽऽ. टीव्हीवर गोरा माणूस बोलत होता.

त्यांनी फोन ठेवला. खाली बसून परात उचलली.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा त्या धावल्या. पुन्हा सिनेमाच! या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अरुणभाऊ मला कुजबुजले, "बंद कर रे." पण आबांच्या चेहऱ्याकडे बघून माझा हात बटणाकडे जाईना. ते त्या परक्या शहरातल्या गाड्या, पावलं, दारं ऐकत होते. डावीकडे वळत होते, उजवीकडे वळत होते.

तिसऱ्यांदा फोन वाजला.

कोणी हललं नाही. टीव्हीवर तेच ऑफिस होतं. वहिनींनी नुसते डोळे मिटून घेतले. धाकटा नातू म्हणाला, "आई, सिनेमातलाच आहे."

आबा खाटेवरून उठून उभे राहिले.

"सूनबाई, हा माझ्या मागून नाही आला. पळ!"